दोन नंबर ट्रिपवर गेला, त्याची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न असो, आणि रुसणेच असेल तर निदान पाळी सांगून रुसो. ऐसे नमन करून, वऱ्हाड प्रांती बुलढाणे जिल्हा, पैकी लोणार परगणा, तेथील मौजे निंबवाडीचा हा सेवक बखर लिहितो. पूर्वील थोर लोकांनी राज्यासाठी लढाया केल्या, गडांसाठी केल्या, कोणी नुसत्या मिशीच्या पिळासाठीही केल्या, आणि त्यांच्या बखरी जाहल्या. आमच्या पुष्पाबाईसाहेबांनी कुरडईसाठी मोहीम केली. यात ज्या कोणास हलकेपणा वाटत असेल त्याने भर वैशाखात चुलीपुढे बसून पायलीभर गव्हाचा चीक एकदा घाटून दाखवावा, गाठ पडू देऊ नये, आणि मग बोलावे. तोवर गुमान ऐकावे.

तर मजकूर ऐसा जे, निंबवाडीत भगवंतराव म्हणून वांगी-मिरच्यांच्या मुलखाचे धनी, कमी बोलणारे आणि बोलले तरी ऐकले न जाणारे, त्यांच्या खाशा कुटुंब पुष्पाबाई. यांची एकुलती कन्या छाया, हिचे लग्न मेहकरच्या घरी ठरले आणि तिथी उंबऱ्याशी येऊन ठेपली. रुखवताची तयारी जारीने चालली आणि लाडू जाहले, चकल्या जाहल्या, सांडगे-पापडांची शिबंदी डब्यांतून दाखल जाहली, आणि मग कुरडईचा विषय निघाला. तेव्हा होणाऱ्या विहीणबाई फोनावर सहज म्हणाल्या की हल्ली घरी कोण करतं, विकतच्या आणा, आम्ही काही बोलणार नाही. आता 'काही बोलणार नाही' ऐसे जो आगाऊ सांगतो तो जन्मभर बोलतो, हे पुष्पाबाई जाणून होत्या. त्यांनी फोन ठेवला आणि त्याच पावली उठून गहू भिजत घातला.

गहू भिजत घातला म्हणजे माघार नाही, हे वाचकांनी ध्यानी धरावे. गहू तीन दिवस भिजतो, रोज त्याचे पाणी बदलावे लागते, मग दाणा चिमटीत दाबला की दूध सुटते, आणि त्याच दिवशी तो यंत्रावर वाटून चीक काढावा लागतो. दिवस चुकला की गहू नको तितका आंबतो, चीक लाल पडतो, आणि कुरडई कढईत फुलायची सोडून हिरमुसून बसते. वाटण्याचे यंत्र गावात एकच, महिला बचत गटाचे, विजेवर चालणारे. पुष्पाबाईंचे पाहून शेजारीण सारिका हिनेही दुसरे दिवशी आपला गहू भिजविला आणि तिचे पाहून गल्लीतील आणखी घरांनी भिजविला, कारण यंत्र धुवावयाचे ते एकदाच धुवावे. ऐसी सारी गल्ली गव्हासह पाण्यात पडली. आणि मग नेमिल्या सकाळी पुष्पाबाईंनी यंत्राचा खटका दाबण्यास हात उचलला, तों लाईन गेली.

आमचे प्रांती विजेस वीज म्हणत नाहीत. वीज पडते, ती आभाळातली. तारेतून येते ती लाईन, आणि ती येण्यापेक्षा जाण्याविषयीच ख्यात. दुपार जाहली तरी लाईन आली नाही, मग क्षणभर आली ती इतकी मंद की यंत्राने नुसते कण्हून दाखविले, आणि पुन्हा गेली. पुष्पाबाईंनी गव्हाच्या हंड्यावरचे फडके उचलून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तत्काळ इंद्रभान नामे पुतण्यास, जो मालवाहू गाडी चालवून पोट भरतो, जासूद करून उपकेंद्राकडे पिटाळले.

उपकेंद्राचे ठाणेदार शालिग्राम. सकाळपासून अर्ध्या तालुक्याने त्यांचा फोनावरून उद्धार केलेला, त्यामुळे ते तोंडावर ओला रुमाल टाकून खुर्चीत पडले होते. त्यांनी रुमाल न काढताच जबाब दिला तो शब्दशः येणेप्रमाणे: "धुमनखेडचा दोन नंबर ट्रिप झाला. एक नंबर त आधीच दुरुस्तीले हाय. दोन नंबर कामावर आला का मंग लाईन. मायाजवळ काई बटन नाई."

इंद्रभान हा जबाब घेऊन दौडत आला आणि ओसरीवर भरल्या दरबारी त्याने अर्ज केला की धुमनखेड येथे कोळशावर लाईन तयार करण्याचे थोर ठाणे आहे, तेथील एक नंबरचे साहेब आजारी आहेत आणि दोन नंबरचे साहेब ट्रिपवर गेले आहेत. येथे बखरकार इंद्रभानाचा कैवार घेतो. हाफिसात एक नंबर म्हणजे मोठे साहेब आणि दोन नंबर म्हणजे त्यांच्या हाताखालचे, हे जगजाहीर आहे. आणि निंबवाडीत ट्रिप म्हणजे शाळेची ट्रिप, लक्झरी गाडी, डब्यात दशम्या आणि परतीच्या वाटेवर उलट्या. याउपर त्या शब्दांतून दुसरा अर्थ कोणी काढून दाखवावा, बखरकार त्याचा सत्कार करील.

दरबारात मोठा क्षोभ जाहला. सारा मुलूख उकाड्यात पाठ खाजवीत बसला आणि दोन नंबर मजा मारून राह्यला, ऐसे जो तो म्हणू लागला. मसलत बसली. भगवंतरावांनी हळूच सुचविले की जुना पाटा-वरवंटा काढावा. त्यावर सर्व स्त्रियांनी त्यांजकडे एकवार पाहिले, आणि मग भगवंतराव गाडीच्या चाकांत हवा आहे की नाही ते पाहण्यास बाहेर गेले. पुष्पाबाईंच्या थोरल्या जाऊ वच्छलाबाई, कुरडईच्या विद्येत ज्यांचा शब्द तालुक्यात चालतो, त्यांनी निवाडा दिला की ट्रिप म्हणजे शेगाव. आमच्या जिल्ह्यात ट्रिप शेगावावाचून दुसरीकडे गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. हे सर्वांस पटले.

मग पुष्पाबाईंनी हुकूम फर्माविला: "लाईन आपल्याले भेटत नाई त लाईनवाल्यालेच जाऊन भेटू. गहूबी संग घ्या. त्याच्या नाकाखाली धरतो."

येणेप्रमाणे फौज कूच जाहली. इंद्रभानापाशी छोटा हत्ती होता. परमुलखीच्या वाचकांनी दचकू नये, ही चार चाकांची मालगाडी आहे, एरवी मिरच्या वाहते, आणि सारा देश तिला याच नावाने ओळखतो, त्यामुळे अलंकार जुळविण्याचे बखरकाराचे श्रम वाचले. हत्तीच्या पुढल्या बैठकीवर खासा पुष्पाबाई बसल्या. मागे ताडपत्रीच्या अंबारीखाली वच्छलाबाई, भगवंतराव आणि नवरी छाया, आणि मधोमध गव्हाचे दोन हंडे ओल्या फडक्यांनी बांधून, ज्यांस वळणावर मिठी मारून बसण्याची कामगिरी भगवंतरावांकडे आली. कुरडईचा सोऱ्या, पातेले, चीक ढवळण्याचा घाटा आणि प्लास्टिकचे कागदही वच्छलाबाईंनी बरोबर घेतले. हत्यार घरी ठेवून मोहिमेस निघणे त्यांस मंजूर नव्हते.

मेहकर आले तेव्हा मोठा कठीण प्रसंग गुदरला, कारण विहीणबाईंचे घर अगदी रस्त्याला लागून. लग्नाआधी नवरी दोन हंड्यांसह मालगाडीतून जाताना दिसली तर काय अर्थ निघेल याचा नेम नाही. तेव्हा छायेस ताडपत्रीत गुंडाळले आणि हत्ती ऐसा पळविला की मेहकरच्या लोकांस नुसती धूळ दिसली. ताडपत्रीतून छायेने अर्ज केला की आई, राहू दे न वो, विकतच्या आणू. मग जानेफळ मागे टाकले, खामगाव मागे टाकले, आणि उन्हाने हंडे तापू नयेत म्हणून वाटेत हापसा दिसेल तेथे थांबून फडकी भिजवीत, मजल दरमजल स्वारी शेगावी डेरेदाखल जाहली.

शेगावी संस्थानाची रीत नेकीची आणि दर्शनाची रांग लांबीची. पुष्पाबाईंनी कळसास हात जोडले आणि मोहिमेत यश मागितले, आणि मग लॉजांचा झाडा सुरू केला. लाईन तेथेही गेली होती. पहिल्याच लॉजचा कारभारी पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. त्यास भगवंतरावांनी अदबीने पुसिले की दोन नंबर कुठे आहे. कारभाऱ्याने मान वर न करता मागील अंगणाकडे बोट दाखविले आणि डाव्या हाताला, बादली भरून घ्या, ऐसे सांगितले. फौज एक हंडा उचलून मागील अंगणी गेली. तेथे एक बंद दार होते. त्या दारास वेढा पडला. वच्छलाबाई एका बगलेस, इंद्रभान दुसऱ्या बगलेस, आणि समोर पुष्पाबाई हंड्यावरचे फडके सैल करून उभ्या. बराच वेळाने दार उघडले आणि आतून जालन्याचे एक वयस्क भाविक कानावरचे जानवे सारखे करीत बाहेर पडले, तों पुष्पाबाईंनी त्यांस दरडावून विचारिले की लोकं तिकडं मरून राह्यले आणि तुमी इथं काऊन बसले. ते गृहस्थ घाबरून म्हणाले की प्रवासाने पोट बिघडले, माफ करा. त्यांची समजूत काढण्यात आणि लॉजवाल्याची माफी मागण्यात फौजेचा मोठा वेळ गेला.

दुसरे लॉज पाहण्याची मग कोणास उमेद राहिली नाही. वच्छलाबाई म्हणाल्या की ट्रिपवाला माणूस कधी ना कधी घरी जातोच, तेव्हा धुमनखेडासच जाऊन दारात बसावे. धुमनखेड तेथून जवळ, रुळांच्या पलीकडे. गव्हास आता घमघमाट सुटू लागला होता, आणि हंडे धरून बसलेले भगवंतराव तोंड फिरवून श्वास घेत होते.

धुमनखेडचे ठाणे दुरून दिसले तेव्हा इंद्रभानाने हत्तीचा वेग कमी केला. काय त्या ठाण्याचा विस्तार वर्णावा. आभाळाला टेकलेले धुराडे, परातीत पीठ रचावे तैसे कोळशाचे ढीग, वाघिणींची रांग रुळांवर उभी, आणि मनोऱ्यांवरून तारा निघून चहूकडे गेलेल्या. एवढे सारे असून धुराड्यातून धूर नव्हता, आणि इतक्या मोठ्या जागी आवाज कसला म्हणून नव्हता. वेशीवर बंदूकवाला पहारेकरी होता. पुष्पाबाईंनी त्यास पुसिले की दोन नंबर परत आले काय.

"परत कुठून येते बाई, आतच हाय तो," पहारेकरी म्हणाला, "पण थंडा पडला."

हे ऐकताच पुष्पाबाईंनी डोईवर पदर घेतला. भगवंतरावांनी टोपी काढून छातीशी धरिली. वाटेने त्या दोन नंबरास आपण काय काय बोललो ते पुष्पाबाईंस आठवले आणि त्यांस मोठा पश्चात्ताप जाहला. त्यांनी हलके विचारिले की काय झालं होतं. पहारेकऱ्याने सांगितले की आज सकाळीच आतली नळी फुटली, वाफ बाहेर आली, त्यातच गेला. आता पुरता थंडा झाला का मान्सं आत घुसतीन आणि शिवतीन. मागे घरी कोण कोण आहे, ऐसे पुष्पाबाईंनी विचारिले, आणि मग पहारेकऱ्यास कळेना की ही माणसे कोठून आली.

इतक्यात कोळशाने माखलेले शिरस्त्राण घातलेल्या, डोळे तारवटलेल्या निवेदिताबाई बाहेर आल्या. या ठाण्याच्या पाळीप्रमुख, इंजिनेरी शिकलेल्या, खामगावच्या माहेरवाशीण. त्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि मग त्यांस ऐसे हसू फुटले की वेशीचा गज धरून उभे राहावे लागले. पुष्पाबाईंनी हंडा पुढे ओढिला आणि फडके काढून निवेदिताबाईंच्या नाकाखाली धरिला. हसू तेथेच थांबले.

मग निवेदिताबाईंनी खुलासा केला तो असा. दोन नंबर हा माणूस नव्हे, यंत्र आहे. ट्रिप म्हणजे आपले आपण बंद पडणे. वणी-चंद्रपुराकडून वाघिणींनी कोळसा येतो, तो येथे दळतात, पिठाहून बारीक करितात, आणि भट्टीत फुंकतात. त्या जाळावर पाण्याची वाफ होते, वाफेच्या रेट्याने मोठे चाक फिरते आणि चाकातून लाईन निघते. ती लाईन एकट्या निंबवाडीस जात नाही. सगळ्या ठाण्यांची लाईन एका सामाईक जाळ्यात पडते आणि त्यातून गावोगाव वाटली जाते. उन्हाळ्यात कूलर, पंप, बर्फाचे कारखाने सारेच त्या जाळ्यातून ओढतात, आणि अशा वेळी एक नंबर दुरुस्तीला आणि दोन नंबर बंद, म्हणजे वाटा पुरत नाही, मग पाळीपाळीने एकेका गावाचा बंद ठेवावा लागतो. जाळे ज्या घटकेस जितके मागते तितके त्याच घटकेस द्यावे लागते, डब्यात भरून ठेविता येत नाही.

पुष्पाबाईंनी सारे ऐकिले आणि मान हलविली. "मंजे तुही कोळशाची चक्की चालली असती त मायी गव्हाची चालली असती. एवढंच न?"

निवेदिताबाई म्हणाल्या, "हाव काकू. एवढंच."

येथून दोन्ही पक्षांत सलोखा जाहला. ठाण्याच्या वसाहतीस आपल्या गरजेपुरती लाईन जाळ्यातून मिळत होती, आणि तेथील उपाहारगृहात डोशाचे पीठ वाटण्याचे दगडी यंत्र होते. निवेदिताबाईंनी स्वयंपाक्यास फर्मान दिले आणि गव्हाचे हंडे आत गेले. दगड फिरू लागला, दूध सुटले, वच्छलाबाईंनी बोट बुडवून पाहिले आणि रंग पांढरा आहे ऐसे जाहीर केले. पुष्पाबाई त्या यंत्राजवळून हलल्या नाहीत. मग ते दूध गाळून पातेल्यात निवळत ठेविले, वसाहतीतील बायांनी फौजेस पिठले-भाकरी घातली, आणि स्वारी तेथेच मुक्कामास राहिली.

सकाळी वरचे पाणी ओतून टाकिले, तळाचा घट्ट चीक चुलीवर चढला, आणि पुष्पाबाईंनी घाटा हाती घेतला. पदर खोचलेला, मनगटाला फोड, घाम हनुवटीवरून गळतो आहे, आणि घाटा क्षणभर थांबत नाही, ऐसा पराक्रम वसाहतीने पाहिला नव्हता. चीक पारदर्शक जाहला, गाठ एकही नाही. मग गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरून सोऱ्याची आघाडी उघडली. वच्छलाबाई गोल धरीत, छाया चीक भरी, वसाहतीच्या बाया हाताखाली, आणि ऊन चढेपर्यंत साऱ्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या पलटणी उभ्या राहिल्या. पुष्पाबाईंनी कमरेवर हात ठेवून त्यांजकडे पाहिले आणि छायेस म्हणाल्या, "तू त्या घरी जाशीन. या घरचं माया हातचं काई तं तुह्यासंग गेलं पाह्यजे. विकतचं कोनाचं बी जाते." छाया आईस बिलगून उभी राहिली.

परंतु येथेच दैव फिरले. दुपार कलता कलता बातमी आली की नळी वेल्डिंगने शिवून जाहली, पाणी भरून तपासले, आणि आता दोन नंबर पेटणार. गच्चीवरच्या बाया लगबगीने दोऱ्यांवरचे कपडे काढू लागल्या. कपडे काऊन काढता, ऐसे पुष्पाबाईंनी पुसिले. त्या म्हणाल्या की एरवी राख धरून ठेवणारे यंत्र असते, त्रास होत नाही, परंतु थंडी भट्टी तेलावर पेटविताना ते यंत्र लावीत नाहीत, आणि पहिला धूर काळा येतो. आज वाराही इकडचाच आहे, सारी काजळी या गच्चीवर पडेल.

कुरडया वरून सुकल्या होत्या, खालून ओल्या होत्या. उचलाव्या तर मोडणार, ठेवाव्या तर काळ्या होणार. पुष्पाबाई धावत वेशीवर गेल्या आणि निवेदिताबाईंस बाहेर बोलावून त्यांनी निर्वाणीचा हुकूम दिला की दिवस बुडेस्तोवर दोन नंबराने पेटू नये. ज्या दोन नंबरास आणावयास बाई मुलूख ओलांडून आल्या त्यासच आता त्या म्हणू लागल्या की राह्य तिकडंच. इतिहासात ऐसे वारंवार घडते. निवेदिताबाईंनी हात जोडले आणि सांगितले की काकू, माया हातात नाई, दवाखाने बंद हायत, पाणी चढत नाई, वरून फोनावर फोन येऊन राह्यले, मी एक क्षणबी थांबवू शकत नाई. पुष्पाबाईंचा चेहरा पाहून त्यांसही वाईट वाटले, परंतु हुकूम हा हुकूम.

पुष्पाबाई वेशीच्या पायरीवर बसल्या. त्यांस रडू आले नाही, राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. तों पदरातला फोन वाजला. सारिका बोलत होती.

"काकू, मायाबी गव्हाले वास सुटून राह्यला. गल्लीतल्या साऱ्यायचंच भिजून तयार हाय. तुमी भेटल्या काय त्या दोन नंबरले? कवा येते म्हनते तो?"

फोनात मागे गल्लीतल्या बायांचा गलका ऐकू येत होता. सारिका पुन्हा म्हणाली की काकू, तुमच्यावरच हाय सारं. पुष्पाबाईंनी एकदा गच्चीकडे पाहिले, जेथे कुरडया उन्हात पांढऱ्या दिसत होत्या, आणि एकदा धुराड्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "येऊन राह्यला म्हनाव. पानी बदला गव्हाचं आणि थांबा." आणि फोन ठेवून त्या उठल्या, वेशीशी गेल्या आणि निवेदिताबाईंस म्हणाल्या:

"लाव वो बाई. लाव तुह्या चुलीले काडी."

निवेदिताबाईंस परवानगीची गरज नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "हाव काकू, लावतो," आणि आत गेल्या. बखरकार यास राजाज्ञा मानतो.

मग पुष्पाबाई जिने चढून गच्चीवर आल्या आणि त्यांनी फौजेस आवाज दिला. हत्तीवरची ताडपत्री वर आली. वसाहतीच्या घराघरांतून चादरी आल्या, पडदे आले, लग्नांत मिळालेल्या आणि कधी न नेसलेल्या साड्या आल्या, आणि वच्छलाबाईंनी आपले नऊवारी पातळ पिशवीतून काढून दिले. बायांनी चहूबाजूंनी टोके धरिली आणि कुरडयांवर डोईइतक्या उंचीवर छत उभे जाहले. तों धुराड्याने काळा लोट सोडिला. तो आधी सरळ वर गेला, मग वाकला, आणि मग गच्चीवर काजळी उतरू लागली. वारा छत ओढू लागला. चादरी फडफडल्या, हात भरून आले, कोणी म्हणाले सुटते, कोणी म्हणाले धर बे इंद्रभान, आणि इंद्रभान ताडपत्रीस ऐसा लोंबकळला की त्याचे पाय उचलले गेले. वाऱ्याकडचा कोपरा भगवंतरावांकडे होता. तेथील पडदा फाटून गेला. तेव्हा त्या मौनी पुरुषाने उपरणे पसरले, तेही पुरेना, मग खाली हात टेकून त्याने कुरडयांवर आपली पाठ धरिली आणि काजळी अंगावर घेतली. आंघोळीच्या वेळी पाठ चोळून मागणारा हा माणूस, आज तीच पाठ वांग्यासारखी काळी करून ओणवा उभा राहिला. पुष्पाबाईंनी हे पाहिले. त्या टोक सोडू शकत नव्हत्या, म्हणून जागेवरूनच म्हणाल्या, "छायाचे बाबा, कंबर सांभाळा." इतकी मायेची वाणी भगवंतरावांनी पुष्कळ वर्षांत ऐकिली नव्हती. त्यांनी कंबर सांभाळली नाही.

कालांतराने लोट करडा जाहला, मग फिका जाहला, मग राख धरणारे यंत्र लागले आणि आभाळ निवळले. छत उतरविले. कोपऱ्यातल्या काही कुरडयांवर काळे ठिपके पडले होते, बाकी सारी फौज जशीच्या तशी पांढरी. दिवस कलला, कागदावरून कुरडया आपसूक सुटू लागल्या आणि त्यांचा कुरकुर आवाज होऊ लागला. वच्छलाबाईंनी उपाहारगृहात एक तळून पाहिली. ती तेलात पडताच फुलली ती कढईच्या काठास टेकली, आणि निवेदिताबाई पाळी संपवून दमून आल्या होत्या, त्यांस पहिला मान म्हणून ती दिली. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि सांगितले की दोन नंबर जाळ्यात मिळाला, लाईन निघाली.

पुष्पाबाई डब्यात कुरडया रचीत होत्या, तों फोन वाजला. सारिकेचा होता. परंतु सारिका बोलेना. फोनातून नुसता घरघर आवाज येत होता, बचत गटाच्या यंत्राचा, भरल्या वेगाने चाललेला, आणि त्यावर पाणी ओतल्याचा आणि बाया एकमेकींस हंडा सरकव म्हणत असल्याचा. सारिकेने फोन यंत्राजवळ नेऊन धरिला होता. पुष्पाबाई गच्चीवर मांडी घालून बसल्या, फोन कानास घट्ट लाविला, आणि त्यांचे डोळे वाहू लागले. इंद्रभानाने विचारिले की काकू, काय म्हनते सारिका. त्यांनी हातानेच त्यास गप्प केले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली ती लिहून ठेविली आहे. शत्रू कोणीच नव्हता, तरी विजय खरा आहे. आपल्याकडील नुकसान म्हणजे भगवंतरावांचे उपरणे, एक पडदा, आणि जालन्याच्या गृहस्थांची मनःशांती. दोन नंबर रुजू जाहला. निंबवाडीच्या गल्लीत त्या संध्याकाळी ज्या घरी गहू भिजला होता त्या प्रत्येक घरी चीक निघाला, आणि कोणाचाही लाल पडला नाही. छायेचे रुखवत भरले. ज्यास या बखरीविषयी शंका असेल त्याने निंबवाडीस यावे, लाईन असो वा नसो, चुलीवर तळून वाढू.